दाऊद तांडेलाची जामीनकी

“शिवराम, खाली ये! राज्य गेलं!”

अब्बा माडाच्या बुंध्याशी उभे राहून, मान मोडेस्तोवर वर बघत ओरडत होते. झावळ्यांतून आवाज आला, “येतो. एवढी एक पेंड उतरवू दे.”

“अरे, राज्य गेलं म्हणतोय मी!”

“राज्य गेलं, नारळ तर नाय ना गेले? बाजूला व्हा तांडेल, डोसक्यावर पडंल.”

पेंड धपकन वाळूत पडली आणि तिच्यामागून शिवरामकाका सरसर उतरले. कमरेला कोयती, अंगावर लंगोटी आणि तोंडभर हसू. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. “ऐकलंस काय गो रुक्की?” ते मला म्हणाले. “हद्द गेली म्हणजे मी आता घरी जाणार. पोहून नाय हां. तरीच्या होडीत बसून, पावण्यासारखा.”

पडलेले नारळ अब्बांनी पायाने एका बाजूला सारले आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले. आमचे अब्बा, दाऊद तांडेल, गलबतावर वादळात कधी घाबरले नसतील, पण त्या सकाळी त्यांचा चेहरा उतरला होता.

आमचं केळथर संस्थान एवढंसं होतं की नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल. पण नवाबसाहेबांचं स्वतःचं निशाण होतं, स्वतःची कचेरी होती, लाल पगडीचे स्वतःचे शिपाई होते. खाडीच्या पलीकडे खालसा मुलूख, म्हणजे आधी इंग्रजांचा आणि आता आपल्या सरकारचा. ह्या काठावरून घातलेली साद त्या काठावर ऐकू जायची, पण पलीकडच्या पोलिसाला अलीकडे पाऊल टाकायची मुभा नव्हती. शिवरामकाका जगले होते ते त्या पाण्याच्या पट्ट्याच्या जोरावर.

ते पलीकडच्या गावचे भंडारी. माडी काढायचा त्यांचा पिढीजात धंदा. दारूच्या मक्तेदाराच्या मुकादमाने एके दिवशी त्यांची मडकी फोडली, वर आईवरून शिवी दिली, आणि काकांच्या हातात नेमकी कोयती होती. मुकादम आठवडाभराने मेला. काका त्याच दिवशी खाडी पोहून आले आणि ओल्या अंगाने आमच्या पीरसाहेबांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

केळथरची एक जुनी रीत होती. पीराच्या उंबऱ्यावर बसलेल्या परक्याला राज्य हाकलून देत नसे, मात्र गावातल्या कुणीतरी त्याला जामीन राहायला हवं. त्याचा कागद नसायचा. दर उरुसाला काझीसाहेबांसमोर दोघांनी एकमेकांचा हात धरून उभं राहायचं आणि जामिनाने म्हणायचं, “ह्याचं जाणं-येणं माझ्या मानेवर.” आसऱ्याला आलेला माणूस हद्द ओलांडून पळाला, तर जामिनाच्या घराचं छप्पर उतरवायचं आणि त्याच्या वाटची कैद जामिनाने भोगायची. आणि ही काही नुसती बोलाचीच कढी नव्हती. मशिदीमागे एका घराचं जोतं उघडं पडलं होतं, त्यावर रान माजलं होतं. ते घर पुन्हा बांधायची कुणाची छाती झाली नव्हती.

अब्बा त्या दिवशी सहज दर्ग्याकडे गेले होते. कुणी पुढे येईना म्हणून ह्यांनी हात वर केला. अम्माने त्याबद्दल त्यांना कधी माफ केलं नाही. “उचलली जीभ, लावली टाळ्याला,” ती म्हणायची. “मासळी आणायला गेलेले, माणूस घेऊन आले.” पण त्याच माणसाला एका पावसाळ्यात ताप भरला तेव्हा तिनेच पेज करून पाजली. तोवर काका आपलं वेगळं शिजवून खात. बरे झाल्यावर म्हणाले, “बाटलो तर बाटलो भाभी, आता भाकरी पण द्या.” तेव्हापासून ते आमच्या परसातल्या खोपीत राहत आणि आमच्या चुलीवरचं जेवत.

हद्द ते एकदाही ओलांडून गेले नाहीत. त्यांची आई वारली तेव्हा पलीकडच्या काठावर चिता पेटलेली आम्हाला दिसत होती. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. अब्बा त्यांना म्हणाले, “जा. माझ्या छपराचं काय होईल ते होईल.” काकांनी मान हलवली आणि धूर विरेपर्यंत तसेच उभे राहिले. मी लहान होते, पण ते पाण्यात रडत होते हे मला कळलं होतं.

तर असं ते राज्य गेलं. देशाला स्वातंत्र्य मिळून अजून वर्ष व्हायचं होतं. नवाबसाहेबांनी सही केली, कचेरीवर तिरंगा चढला, आणि दुपारपर्यंत अर्धा गाव काकांना भेटून गेला. कुणी साखर आणली, कुणी नारळ. “सुटलास रे शिवा!” जो तो म्हणत होता. काकांनी एकुलतं एक धोतर धुऊन कुंपणावर वाळत घातलं.

लोक पांगल्यावर अब्बांनी त्यांना ओसरीवर बसवलं.

“शिवराम, तुला अक्कल हाय काय?”

“का ओ?”

“कुंपण काढलं की गुरं बाहेर जातात तसा वाघ पण आत येतो. तू पलीकडं जाशील ते बरोबर. पण पलीकडचा पोलीस अलीकडं येईल त्याचं काय?”

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडं थोडं करून गेलं. मला ते बघवेना, मी तांदळाच्या सुपात डोकं घातलं.

“इतकी वर्सं झाली,” ते म्हणाले. “कोण आठवण ठेवतंय?”

“मुकादमाचे भाऊ ठेवतायत. आन् खुनाचा कागद कधी शिळा होत नाय.”

अब्बांनी बेत सांगितला. आमचं गलबत कौलं भरून खाडीत उभं होतं. ओहोटीला ते चिखलात बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी भरती होती. भरती लागली की गलबत सोडायचं आणि थेट गोव्याला. तिथं फिरंग्याचं राज्य, तिथं मुंबईचा पोलीस जाऊ शकत नव्हता. पुढे सवडीने बायको-मुलीलाही तिकडे नेता आलं असतं.

“आन् तुमची मान?” काकांनी विचारलं.

“राज्यच गेलं, आता कसली मान!” अम्मा आतून म्हणाली.

पण अब्बांना ते पटत नव्हतं. ते उठून काझीसाहेबांकडे गेले, रीतसर सुटका मागायला. परत आले ते आणखीच गोंधळून. “काझीसाहेब म्हणाले, दाऊद, मी आता कचेरीचा काझी नाय. निकाह लाव म्हणशील तर लावतो. सुटका कोण देणार? ज्याच्या राज्यात तू शब्द दिलास ते राज्यच राहिलं नाय.”

“म्हणजे सुटलात,” अम्मा म्हणाली.

“का म्हणजे कधीच नाय सुटलो?” अब्बा म्हणाले.

अम्माने कपाळावर हात मारला. ह्या माणसाशी संसार करणं म्हणजे रोज नवं संकट, असं तिचं जुनं मत होतं, आणि त्या दिवशी तिला ते पुन्हा पटलं. अब्बांनी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. शिवराम जाईल. जामीन मागे राहील. जामीन असतो कशासाठी?

मला त्यांनी पलीकडे पाठवलं. आमच्या गावच्या बायामाणसांना तरीतून जायला-यायला कधीच अडचण नव्हती, आणि नारळ-भाजी पोचवायच्या निमित्ताने काकांचा निरोप वर्षानुवर्षं मीच नेत होते. काकांची बायको, द्वारकाबाई, काठावर जाळी विणायची; तिला नि तिच्या पोरीला मात्र पलीकडचा पोलीस तरीत चढू देत नसे. उंच, काळी, बोलायला फटकळ. नवरा असून नसल्यासारखा, आणि तरी कुंकू मात्र रुपयाएवढं.

मी तिला गोव्याचं सांगितलं. तिने जाळ्यातली सुई थांबवली नाही.

“म्हंजे इथं नाय येणार.”

“आले तर पकडतील, काकी.”

“मी कुठं म्हणतेय ये म्हणून? इतकी वर्सं खाडीपलीकडचा नवरा म्हणून काढली, आता गोव्याचा म्हणून काढीन.” मग ती थांबली. “रुक्की, तुझ्या बापाला सांग, माणूस जिता ऱ्हाऊ दे. बाकी मला काय नको. पोरीला मी सांगेन काय सांगायचं ते.”

तिची पोरगी शेवंती दारात उभी होती. बापाला तिने फक्त खाडीपल्याड उभा असलेलाच पाहिला होता. ती मला म्हणाली, “ते हसतात कसे गं, जवळून?” मी काय सांगणार? मी म्हटलं, चांगले हसतात.

दुसऱ्या दिवशी काका सकाळपासून गलबतावर होते, शिडाच्या घडीखाली. गलबत आमच्या दारापुढेच, चार उड्यांवर, चिखलात कलंडून बसलं होतं. मी भाकरी नि सुकटीचं कालवण नेऊन दिलं. ते म्हणाले, “भाभींना सांग, मीठ बरोबर पडलंय.” अम्माच्या कालवणाला ते रोज हेच म्हणत.

पाणी चढायला लागलं होतं, पण गलबत अजून हललं नव्हतं, तेवढ्यात तरीची होडी काठाला लागली आणि तीतून फौजदार उतरला.

आम्हाला वाटलं होतं की आठवडा तरी जाईल. सरकार इतक्या लगबगीने खून आठवेल असं कुणाला वाटलं होतं? बरोबर दोन पोलीस, आणि वाट दाखवायला मुबारक सिद्दी. कालपरवापर्यंत हा मुबारक नवाबाचा लाल पगडीचा शिपाई, उरुसाला काझीसाहेबांच्या मागे भाला धरून उभा राहायचा. आता पगडी नव्हती, नुसतंच बोडकं डोकं होतं, आणि ते त्याने खाली घातलेलं होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण त्या बिचाऱ्याला फिरायला शिकायलाही वेळ मिळाला नव्हता.

फौजदार वाईट माणूस नव्हता. उन्हाने लाल झालेला, दमलेला, घाटावरचा कुणीतरी. ओसरीवर बसला, पाणी मागून प्यायला. बघता बघता दाराशी गाव जमलं.

“शिवराम भंडारी इथं राहतो?”

अब्बांच्या आधी दाराआडून अम्मा बोलली. खोटं बोलायला लागली की तिचा आवाज अगदी गोड व्हायचा. “राहायचा साहेब. काल हद्द गेली, तशी रातोरात गेला बघा. आम्हाला न सांगता. एवढं खायला घातलं, पण मेल्यानं सांगितलं पण नाय!”

“कुठं गेला?”

“आता काय ठावं? घाटाकडं गेला म्हणतात.”

फौजदाराने गावाकडे पाहिलं. गावाने माना डोलावल्या. घाटाकडे, घाटाकडे. अख्ख्या केळथरने तेवढं एक खोटं नीट एका सुरात म्हटलं. फौजदार उठला, कपडे झटकले. “ठीक आहे. पंचनामा करून जातो.” मी श्वास सोडला. गलबताखाली पाणी आलं होतं. थोडा वेळ, अजून थोडाच वेळ.

“साहेब,” अब्बा म्हणाले.

अम्माची बांगडी दारावर आपटली. तो तिचा इशारा होता, आणि तो खाडीपलीकडेही ऐकू गेला असता. अब्बांना ऐकू आला नाही.

“तो गेला ते खरं. पण तो आपणहून नाय गेला. मी त्याला घालवला. मी त्याचा जामीन. मला न्या.”

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

फौजदार बघतच राहिला. “तुम्हाला कशाबद्दल नेऊ?”

“त्याच्या बदल्यात. इथली रीत हाय. जामिनाची मान. सांग की रे, मुबारक!”

मुबारक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, “होतं साहेब असं. पूर्वी.”

“पूर्वी म्हणजे?”

“परवापर्यंत.”

फौजदाराला हसू आलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला असावा, पण आवरलं नाही. “अहो तांडेल, माणसाच्या बदल्यात माणूस घ्यायला सरकार म्हणजे काय बाजार आहे? तुम्ही शब्द दिलात तो तुमच्या नवाबाला. मी त्या शब्दाचं काय करू? लोणचं घालू?”

आणि लोक हसले. पोलीस हसले ते सोडा, आमचे लोक हसले. काल काकांना साखर घेऊन आलेले, दर उरुसाला अब्बांनी काकांचा हात धरला की “माशाल्ला” म्हणणारे. कुणीतरी मागून म्हणालंही, “दाऊदला अजून नवाबाचं राज्यच दिसतंय!” अब्बा तसेच उभे होते. हात पुढे केलेले, आणि ते हात कुणी घेत नव्हतं. मला त्या फौजदाराची मान मुरगळावीशी वाटली. ज्या शब्दापायी एका माणसाने आईच्या चितेकडे पाऊलही टाकलं नाही, त्या शब्दाच्या वाट्याला आता टिंगल आली होती.

“हात खाली घ्या, तांडेल,” फौजदार जरा नरमून म्हणाला. “घरात जा. तुमचा काही गुन्हा नाही.”

अब्बांनी हात खाली घेतले नाहीत.

तेव्हा गलबतावरून कुणीतरी पाण्यात उडी टाकल्याचा आवाज आला.

काका पाणी नि गुडघाभर चिखल तुडवत आले, धुतलेलं धोतर मळवत. अब्बांसमोर आले, त्यांचा पुढे केलेला एक हात आपल्या हातात घेतला, जसा उरुसाला घेत तसा, आणि फौजदाराला म्हणाले, “मी शिवराम. कुठं गेलेलो नाय. ह्यांच्या शब्दाभाईर मी कधी गेलेलो नाय. लिवा तुमच्या पंचनाम्यात.”

कुणी हसलं नाही. मुबारकने मान वर केली, ती तेव्हा पहिल्यांदा.

अब्बांनी हात सोडवून घेतला आणि काकांच्या थोबाडीत मारली. एवढ्या वर्षांत त्यांनी काकांना ‘अरे’च्या पुढे शब्द लावला नव्हता. “हरामखोर! पाणी आलेलं! बघ, पाणी आलेलं!” ते गलबताकडे बोट दाखवत ओरडत होते. गलबत खरोखरच सरळ झालं होतं आणि दोरावर हलत होतं. मग ते काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. काका चिखलाच्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटत होते आणि आमच्याकडे बघत म्हणत होते, “गप व्हा तांडेल. गप व्हा. लोक बघतायत.”

पोलिसांनी काकांना बांधायला दोर काढला तेव्हा फौजदार म्हणाला, “राहू दे.” तरवाला होडी वल्हवायला तयार होईना, बाजूला जाऊन बसला. शेवटी अब्बाच वल्ह्यांवर बसले. “मी नेतो,” ते म्हणाले. “माझ्याच मानेवर होता.”

मी काठावर उभी होते. होडी मधोमध गेली, तशी पलीकडे काठावर एक उंच बाई आणि तिच्यामागे एक मुलगी धावत आलेली मला दिसली. काका होडीत उभे राहिले. मग होडी काठाला लागली, आणि आपल्या गावच्या मातीवर त्यांनी कितीतरी वर्षांनी पाय ठेवला. मुलीने बापाला जवळून पाहिलं ते तेव्हा. ते हसले की नाही, ते मला इतक्या लांबून दिसलं नाही.

पुढे खटला चालला. मुकादमाचे भाऊ साक्षीला होते, काकांच्या बाजूने सांगायला कुणी नव्हतं. अब्बा सांगायला गेले, पण त्यांना न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही खून होताना पाहिलात काय? अब्बा म्हणाले, नाही, मी त्यानंतरचा माणूस पाहिला. ते कुणी लिहून घेतलं नाही. काकांना जन्मठेप झाली आणि ते तुरुंगातच वारले. कोर्टात एकदा मी त्यांना विचारलं होतं, काका, का आलात हो बाहेर? ते म्हणाले, “तुझ्या बापाचे हात तसे रिकामे बघवेनात गो.”

पण मला राहून राहून आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. अब्बा होडी घेऊन एकटेच परत आले. ओसरीच्या पायरीवर बसले. अम्मा दिवसभर दातओठ खात होती. दोन शब्द बोलायला म्हणून ती बाहेर आली, आणि त्यांचं तोंड बघून नुसतीच शेजारी बसली.

“द्वारकाबाई भेटली?” तिने विचारलं.

“भेटली. पोलिसांनीच तिला सगळं सांगितलं. माझे हात, लोणचं, सगळं.”

“रडली?”

“नाय. मला म्हणाली, तांडेल, इतकी वर्सं जीव लावून सांभाळलंत, आणखी एक दुपार गप बसायला नाय जमलं?”

अम्माने विचारलं, “मंग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार,” अब्बा म्हणाले. “होडी वळवली.”